काकांचं देणं

बर्बन, म्हणजे मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की, मला शिकवली ती आयुष्यात दारूचा थेंबही न घेतलेल्या माणसाने. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बार्ड्सटाउन गावाजवळ एका डिस्टिलरीत ते गोदामाचे मुकादम होते. आठवडाभर सव्वादोनशे-अडीचशे किलोची भरलेली पिंपं लाकडी रुळांवरून ढकलायची आणि रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून बाप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं, असं त्यांचं आयुष्य. चर्चमध्ये ते डीकन, म्हणजे मंडळीचे एक पदाधिकारी, होते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना ते रुचणार नाही. मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्यांदा सहज तोंडून निघून गेलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि मग गोदामातली तरुण पोरंही त्यांना काकाच म्हणू लागली.

त्यांचं न पिणं मला विचित्र वाटलं नाही, कारण मी तसंच घर पाहिलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत मी वाढलो. वडील कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरीला, आणि गळ्यात तुळशीची माळ. हजारो लिटर मद्यार्क रोज त्यांच्या देखरेखीखाली टाक्यांत पडायचा; घरी आल्यावर ते हातपाय धुऊन हरिपाठाला बसायचे. त्यांच्या कपड्यांना मळीचा गोडसर, आंबट वास कायम असे. पुढे मी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्काचं तंत्रज्ञान शिकलो, पुण्याच्या एका कंपनीत लागलो आणि २००८च्या हिवाळ्यात कंपनीने मला केंटकीला पाठवलं. काम होतं ऊर्ध्वपातनानंतर उरणारं पातळ चोथापाणी आटवून त्याचं गुरांचं खाद्य करण्याच्या यंत्रणेचं. म्हणजे बर्बनशी माझा संबंध ती बनून गेल्यानंतर उरणाऱ्या पाण्यापुरता. गोदामात जायचं मला काही कारणच नव्हतं. काकांनीच एका दुपारी मला हटकलं. "पोरा, उरलंसुरलं रोज बघतोस. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते नाही बघायचं?"

माझं शिक्षण ज्या विचारात झालं होतं तो विचार असा, की मद्यार्क जितका शुद्ध तितका चांगला. मळी आंबवायची, एकामागून एक स्तंभांतून चढवायची, ९६ टक्क्यांपर्यंत न्यायची. त्याला वास नको, चव नको, मागचा इतिहास नको. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बऱ्याच मालाचा पाया हाच असतो. त्यात थोडा माल्टचा अर्क, कॅरॅमलचा रंग आणि स्वाद घातला की बाटली तयार. युरोपात याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथल्या नियमाप्रमाणे व्हिस्की धान्याचीच लागते. पुस्तकात हे मी वाचलं होतं. नाकाने समजून घेतलं ते काकांकडून.

त्यांनी प्रयोगशाळेतून तीन ग्लास मागवले. तिन्हींत पाणी घालून ताकद सारखी केलेली. पहिल्यात धान्याचाच, पण पूर्ण शुद्ध केलेला मद्यार्क. दुसऱ्यात त्यांच्या स्तंभातून त्याच सकाळी उतरलेली पहिल्या धारेची दारू, रंगाने पाण्यासारखी. तिसऱ्यात चार वर्षं पिंपात मुरलेली, लालसर तपकिरी. प्यायची नव्हती, नुसता वास घ्यायचा होता. पहिल्या ग्लासात मला काहीच सापडलं नाही, तसं मी सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे मका कुठे गेला?"

दुसऱ्या ग्लासात मका होता. शिजलेल्या मक्याचा दाट, लोण्यासारखा वास, मागून राईचा, म्हणजे तिथल्या एका थंडीतल्या धान्याचा, मिरीसारखा तिखटपणा. ते म्हणाले, "शेतकऱ्याने वर्षभर राबून पिकवलेलं धान्य आपण घेतो. मग त्याची खूण पुसून टाकायची नाही. आमच्या कायद्यातही तेच आहे." आणि खरोखरच तसं आहे. बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. बहुतेक डिस्टिलऱ्या ७० ते ७५ टक्के घालतात. ऊर्ध्वपातनात मद्यार्काचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर न्यायचं नाही, म्हणजे धान्याची चव निघून जाईल इतकं शुद्ध करायला मनाई. प्रत्यक्षात ते ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपासच थांबतात. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त ताकद चालत नाही. १९६२ पर्यंत ही मर्यादा ५५ होती आणि काही घराणी आजही जुन्याच मर्यादेवर थांबतात. बाटलीत किमान ४० टक्के. रंग नाही, स्वाद नाही, पाण्याखेरीज काहीही वरून घालायचं नाही. स्कॉचला कॅरॅमलचा रंग चालतो, कॅनडाच्या व्हिस्कीत ठरावीक प्रमाणात इतर मद्यसुद्धा मिसळता येतं. इथे ती मुभा नाही.

आणि पिंप. ते ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरं हवं. एकदा बर्बन मुरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही. स्कॉटलंड किंवा आयर्लंडमध्ये वापरलेलं पिंप चालतं, किंबहुना तेच पसंत करतात, आणि दहा-बारा वर्षं ते हळूहळू काम करत राहतं. कोऱ्या पिंपाचा नियम १९३०च्या दशकात, मद्यबंदी उठल्यानंतर कागदावर आला. पिंपं करणाऱ्या कारागिरांना आणि लाकूड तोडणाऱ्यांना मंदीत काम मिळावं म्हणून तो आणला असंही सांगतात. कारण काही असो, बर्बनचा स्वभाव त्या नियमाने घडला. तिचा रंग, तिचा व्हॅनिलाचा, काकवीसारखा वास, हे सगळं लाकडाचं देणं आहे.

हे पाहायला काका मला एका सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीतून लेबनन गावी घेऊन गेले. तिथे त्यांचा एक मित्र पिंपांच्या कारखान्यात होता. पांढऱ्या ओकच्या फळ्या महिनोन् महिने उघड्यावर उन्हापावसात ठेवतात, मग रंधून, वाफ देऊन वाकवतात आणि लोखंडी पट्ट्यांत आवळतात. त्यात खिळा नाही, सरस नाही. कुठे बारीक फट राहिलीच तर पाणथळीतल्या लव्हाळ्याचं वाळलेलं पातं त्यात बसवतात. शेवटी उघड्या पिंपाला खालून जाळ लावतात. नेहमीच्या सर्वांत खोल जळणीला जेमतेम ५५ सेकंद लागतात. मी समोर उभा होतो. जाळाचा लोळ पिंपाच्या तोंडातून पुरुषभर उंच उठला, चेहरा भाजून निघाला, आणि कामगाराने पाण्याचा फवारा मारताच फसकन वाफ झाली. आत पाहिलं तर लाकूड सुसरीच्या पाठीसारखं खवल्याखवल्यांनी तडकलेलं. मित्राने एक फळी उभी चिरून दाखवली. काळ्या थराखाली एक तांबूस रेघ होती. जाळाने लाकडातली साखर भाजून तिथे साचते. उन्हाळ्यात मद्य फुगून त्या रेघेपर्यंत लाकडात शिरतं, थंडीत आकसून परत येतं, आणि येताना रंग-स्वाद घेऊन येतं. काळा कोळसा कच्चेपणाचा उग्र वास शोषून घेतो. बर्बनचं मुरणं म्हणजे हा ऋतूंबरोबर चालणारा श्वास. म्हणून तिथली बहुतेक गोदामं ना गरम करतात ना गार. लाकडी सांगाडा, वरून पत्रा, सात-सात, नऊ-नऊ मजले.

त्या गोदामाचा वास मला अजून आठवतो. आत अंधार, पायाखाली दमट लाकूड, आणि हवेत गोड, जड असा दर्प, की पहिल्या पाच मिनिटांत डोकं हलकं होतं. दरवर्षी पिंपातलं तीन-चार टक्के मद्य असंच हवेत जातं. बाहेरच्या झाडांच्या सालीवर, भिंतींवर त्या वाफेवर जगणारी काळी बुरशी चढलेली असते. गोदाम कुठे आहे हे लांबून झाडांवरूनच ओळखता येतं.

काकांची खरी विद्या इथे दिसायची. पिंपाचं बूच पोटावर असतं. रांगेत पिंप जिथे थांबेल तिथे ते बूच बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला हवं. खाली गेलं आणि बुचाशी झिरपू लागलं तर चार-सहा वर्षांचा माल मातीत. पिंप एकदा आत गेलं की हात घालून फिरवायला जागा नसते. म्हणून ढकलण्यापूर्वीच हिशोब करावा लागतो, की इतक्या लांब जाताना ते किती वेळा फिरेल. काका अंधाऱ्या रांगेत एकदा बघायचे, पिंप किंचित फिरवून बूच चाराच्या, कधी साताच्या जागी आणायचे आणि सोडून द्यायचे. गडगडत लांब जाणारा आवाज, मग लाकडावर लाकूड टेकल्याचा दबका ठोका. मी बॅटरी मारून पाहायचो. बूच बाराला. मी कागदावर पिंपाचा परीघ मांडून आकडेमोड केली आणि त्यांचं उत्तर दर वेळी बरोबर ठरलं. "हे कुणी शिकवलं?" असं विचारलं तर म्हणाले, "माझ्या बापाने. त्याला त्याच्या बापाने."

आंबट मॅशची, म्हणजे आंबवायच्या धान्याच्या लगद्याची, गोष्टही त्यांच्याचकडची. मागच्या घाण्यातलं उरलेलं आंबट पाणी नव्या घाण्यात घालतात, साधारण पाव हिश्शापर्यंत. लोक त्याला विरजणाची उपमा देतात. मीही आधी तसंच समजत होतो, पण ते विरजण नव्हे. त्यातलं यीस्ट ऊर्ध्वपातनात केव्हाच मेलेलं असतं. ते घालायचं ते आंबटपणासाठी, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत आणि आजचा घाणा कालच्यासारखा उतरतो. जेम्स क्रो नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीत तापमान, आंबटपणा मोजून ही रीत बसवली. पाणीही त्याच भूमीचं. केंटकीखाली चुनखडीचा खडक आहे; त्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह नसतं. लोहाने व्हिस्की काळवंडते आणि चवही बिघडते. इतकं असूनही बर्बन केंटकीतच झाली पाहिजे असा नियम मात्र नाही. अमेरिकेत कुठेही चालते. १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव करून ती अमेरिकेची खास वस्तू म्हणून जाहीर केली. शेजारच्या टेनेसीत हीच रीत थोड्या फरकाने चालते: तिथे पिंपात भरण्यापूर्वी मद्य साखरमेपलच्या कोळशातून गाळतात.

जानेवारी २००९ मध्ये केंटकीवर बर्फाचं वादळ आलं. बर्फ म्हणजे भुरभुरणारा नव्हे. पाऊस पडता पडता गोठत होता. झाडाच्या प्रत्येक फांदीवर काचेचं जाड आवरण चढलं आणि रात्रभर फांद्या मोडल्याचे बंदुकीसारखे आवाज येत राहिले. राज्यात सात लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली. माझ्या भाड्याच्या खोलीत विजेचाच हीटर. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. काका चाकांना साखळ्या बांधलेल्या ट्रकमधून आले होते. काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, "बॅग भर. जाड मोजे घे."

वीज परत येईपर्यंत मी त्यांच्याकडे राहिलो. बैठकीच्या खोलीत लाकडाची शेगडी, तिच्याभोवती तीन पिढ्या. काकूंनी बिडाच्या तव्यात मक्याचा ब्रेड आणि राजम्यासारखी बीन्स शिजवली. तिकडे बीन्समध्ये डुकराचं हाड घालतातच, त्याशिवाय त्यांना चव येत नाही. मी मांस खात नाही हे काकांनी कधीतरी सांगून ठेवलं असावं. शेगडीवर दोन भांडी होती: एक घरच्यांसाठी मोठं आणि एक माझ्यासाठी लहान. विजेचा पत्ता नाही, लाकूड मोजून जाळायचं, माणसं दहा, आणि त्यातही माझं वेगळं भांडं. मी अडखळत आभार मानले तर काकूंनी मला दटावलं, की घरात आभार मानत नाहीत.

त्या रात्री काकांनी घरचा इतिहास सांगितला. आजोबा मद्यबंदीपूर्वी डिस्टिलरीत होते. १९२० साली मद्यबंदी आली आणि काम गेलं. सरकारी परवान्याने औषधी व्हिस्की विकणाऱ्या मोजक्या कंपन्या तेवढ्या टिकल्या. आजोबा तंबाखूच्या शेतावर मजुरीला गेले. १९३३ साली बंदी उठली, तेव्हा काकांचे वडील पुन्हा पिंपांकडे आले. पण त्याही आधी काय होतं, हे सांगताना काका बराच वेळ थांबले. केंटकीत १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. डिस्टिलऱ्यांत धान्य दळणारे, भट्टी सांभाळणारे, पिंपं बांधणारे कितीतरी हात गुलामांचे होते, काळ्या माणसांचे होते. बाटल्यांवर नावं छापली ती मालकांची. "आमच्या घराण्यातलं कोण, कुठल्या भट्टीवर होतं, हे मला माहीत नाही," ते म्हणाले. "कुठे लिहूनच ठेवलेलं नाही. पण मी पिंप सोडतो तेव्हा हात कुणाचा आहे, ते मला कळतं."

याच संदर्भात पुढची एक गोष्ट सांगतो. २०१६ साली टेनेसीच्या जॅक डॅनियल कंपनीने उघड मान्य केलं, की जॅक डॅनियलला लहानपणी मद्य गाळायला शिकवणारा माणूस निअरेस्ट ग्रीन नावाचा गुलाम होता. पुढे कंपनीने त्याला आपला पहिला प्रमुख कारागीरही मानलं. तोपर्यंत मी पुण्याला परतलो होतो. काकांचा फोन आला. बातमी त्यांनी कापून चर्चच्या फलकावर लावली होती. त्यांचा आवाज मी इतका उंच कधी ऐकला नव्हता. "पोरा, एकाचं नाव सापडलं!" आणि क्षणभराने, "आता बाकीच्यांची शोधायला पाहिजेत."

१९९६ सालची आगही त्यांनी त्याच शेगडीपाशी सांगितली. नोव्हेंबरची ७ तारीख. बार्ड्सटाउनच्या हेवन हिल डिस्टिलरीत एका गोदामाने पेट घेतला, सोसाट्याचा वारा होता, आणि सात गोदामं, सुमारे ९० हजार पिंपं आणि डिस्टिलरी जळून गेली. पेटती व्हिस्की ओढ्यासारखी उतारावरून वाहत होती. काका दुसऱ्या कंपनीत होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे. तरी रात्रभर रस्त्यावर उभे होते. "तू बघ," ते म्हणाले, "तिथे कुणाची तरी आठ वर्षांपूर्वीची जवानी जळत होती. पिंप म्हणजे माणसाने घातलेली वर्षं." नंतर जिम बीम आणि ब्राउन-फोरमन या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हेवन हिलला आपल्या भट्ट्यांवर माल गाळू दिला. धंदा बंद पडू दिला नाही. हे सांगताना काकांच्या बोलण्यात जो अभिमान होता तो स्वतःच्या पगाराच्या कंपनीबद्दलचा नव्हता. साऱ्या गावाबद्दलचा होता.

त्यांना सर्वांत प्रिय असलेला कायदा १८९७ चा. त्याआधी बाजारात व्हिस्की म्हणून काहीही विकलं जाई. साधा मद्यार्क घ्यायचा, त्यात रंग, आलुबुखाराचा रस, काय वाटेल ते घालायचं आणि जुनी व्हिस्की म्हणून खपवायची. कर्नल एडमंड टेलर आणि त्याच्या बरोबरीच्या गाळणाऱ्यांनी सरकारकडून 'बॉटल्ड इन बॉन्ड' कायदा करून घेतला: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा माल, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात, आणि बाटलीत बरोबर ५० टक्के. अमेरिकेचा अन्न व औषध शुद्धतेचा मोठा कायदा यायला त्यानंतर नऊ वर्षं लागली. काकांच्या तरुणपणी गोदामाला दोन कुलपं असत, एक कंपनीचं आणि एक सरकारी माणसाचं. दोघं आल्याशिवाय दार उघडत नसे. १९८०च्या आसपास ती पद्धत गेली, पण काका दार लावताना दुसऱ्या कुलपाच्या कडीला हात लावून बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, "नाव घेतलं की नावाला जागायचं. बघायला कुणी असो वा नसो."

हा माणूस मला हे सगळं का देत होता, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. मी परदेशी, कंत्राटी कामावरचा, काम संपलं की जाणार. माझ्याकडून त्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं. निघताना मी पाकिटात घालून काही पैसे काकूंच्या हातात ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनी पाकीट माझ्याच कोटाच्या खिशात परत घातलं. काकांनी मला पॉपलरचं एक बूच दिलं. ते आजही माझ्या टेबलावर आहे, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याला वास येतो.

पुण्याला आल्यावर महिन्यातून एकदा तरी फोन व्हायचा. एकदा त्यांनी विचारलं, की आमची रिकामी पिंपं पुढे कुठे जातात? स्कॉटलंड, आयर्लंड, मेक्सिको हे त्यांना ठाऊक होतं. मी नुकताच गोव्याला जाऊन आलो होतो. कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या डिस्टिलरीत भारतीय बार्लीची माल्ट व्हिस्की मुरते ती बर्बनच्याच जुन्या पिंपांत. तिथल्या उष्ण, दमट हवेत वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास मद्य उडून जातं, म्हणजे केंटकीच्या दुप्पट. पण मुरणंही त्याच वेगाने होतं. मी हे सांगितलं तेव्हा काकांनी दोन-तीनदा विचारून खात्री करून घेतली, की समुद्र किती जवळ आहे. मग घरात मोठ्याने सांगितलं, "आपली पिंपं याच्या देशात पोचलीत."

२०१९ मध्ये ते गेले. मुलाने कळवलं. मी जाऊ शकलो नाही. काकूंना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. त्यात त्यांनी शेगडीवरच्या लहान भांड्याची आठवण काढली होती.

अशा माणसाचं देणं फिटत नाही, आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही. त्यांनी ज्या रीतीने दिलं त्या रीतीने पुढे देता येतं, एवढंच. मद्यार्काचं तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांसमोर मला अधूनमधून बोलायला बोलावतात. बहुतेक मुलं साखर पट्ट्यातली असतात, माझ्यासारखीच कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, काही माळकरी घरांतली. मी पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहीत नाही. टेबलावर तीन ग्लास ठेवतो, वास घ्यायला सांगतो आणि विचारतो, "यात धान्य कुठे आहे?" आतापर्यंत प्रत्येक वर्गात शांतता पसरलेली आहे, आणि मग कुणीतरी दुसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवतं.

मळीबद्दल मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. माझं शिक्षण तिच्यावर झालं, माझ्या वडिलांचं घर तिच्यावर उभं राहिलं, आणि उसापासूनची उत्तम रम जगात मानाने विकली जाते. म्हणूनच तिने दुसऱ्याच्या नावाने बाजारात जाऊ नये असं मला वाटतं. आपल्याकडे मद्य बनवणारे, त्यावर नियम करणारे आणि ते विकत घेणारे या सगळ्यांकडे माझं एकच मागणं आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूला, नावाइतक्याच ठळक अक्षरांत, तीन गोष्टी छापल्या जाव्यात: मद्यार्क कशापासून काढला, कुठे काढला आणि लाकडात किती वर्षं मुरला. मळी असेल तर मळी लिहा, बार्ली असेल तर बार्ली लिहा, आणि वरून रंग घातला असेल तर तेही लिहा. ज्यांच्या घरात बाटली येते त्यांनी ती विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हे तीन प्रश्न विचारावेत.